शंकरपाळी डिझाइनची गोधडी मशीनवर करताय? या चुका टाळा

पंचवटीत घरीच मशीन एम्ब्रॉयडरी शिकवते. नाशिकची थंडी जवळ आली की गोधडी करायची म्हणून मुली येतात, आणि सगळ्यांना शंकरपाळीच हवी असते कारण सहा शंकरपाळ्या जोडल्या की चांदणी होते. हौस चांगलीच आहे पण दर वर्षी चुका त्याच त्याच, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डिझाइन हूपात, म्हणजे मशीनला कापड धरून ठेवणाऱ्या चौकटीत, बसत नाही म्हणून ते एकाच बाजूने दाबणं. हे मी स्वतः केलंय. भाचीच्या बाळंतविड्यासाठी गोधडी घेतली होती करायला, सात चांदण्या म्हणजे 42 शंकरपाळ्या. डिझाइनची बाजू 110 मिमी, लांब टोकापासून टोकापर्यंत 190, आणि माझं हूप 130 बाय 180 चं. मशीनच्या स्क्रीनवर उंची 94 टक्के केली, रुंदी तशीच ठेवली, बसलं. डोळ्याला काहीच फरक दिसत नव्हता. रोज दुपारी बसून सगळ्या 42 काढल्या आणि पहिली चांदणी जोडली तर ती टेबलावर सपाट बसेचना, एक बाजू दाबली की दुसरी वर येते. इस्त्री मारली, उसवून परत शिवली, तरी तेच. शेवटी मुलाच्या कंपासमधला कोनमापक लावला तेव्हा कळलं की 60 अंशांचा कोन 63 झालाय. मधोमध सहा टोकं मिळून 360 व्हायला पाहिजेत, माझे 378 होत होते, मग ते 18 अंशांचं जादा कापड वर उठणार नाही तर काय होणार. बारशाला ती गोधडी देताच आली नाही, नुसती झबली-टोपडी घेऊन गेले, ते अजून मनाला लागतं.

म्हणून लहान करायचंच असेल तर उंची-रुंदी दोन्ही सारख्याच टक्क्यांनी करा, आणि मी तरी दहा टक्क्यांच्या पुढे जात नाही कारण मग टाके दाट होऊन कापड कडक पडतं. 130 बाय 180 च्या हूपात 4 इंच बाजूची शंकरपाळी बसते, टोकापासून टोकापर्यंत 176 मिमी. आणि खरं काम सुरू करायच्या आधी जुन्या चादरीवर नुसती बाहेरची लाइन सहा वेळा शिवून, कापून, जोडून बघा. एक तास जातो. "ताई, डायरेक्ट करू ना" म्हणणाऱ्यांना मी मशीनवर बसूच देत नाही. आठ शंकरपाळ्यांच्या चांदणीला कोन 45 चा लागतो, ती फाइल वेगळी, दोन्ही मिसळू नका.

दुसरी चूक, कापड आधीच शंकरपाळीत कापून ठेवणं. कापड वाचतं असं वाटतं पण वाचत काही नाही. शंकरपाळीच्या निदान दोन कडा तरी तिरक्या धाग्यावर येतातच, उरेब पट्टी कशी ताणली जाते तसंच ते ताणलं जातं, त्यात भरतकामाने कापड आत ओढलं जातं ते वेगळंच. आयताकृती तुकडा घ्या, 4 इंची बाजूला मी 9 बाय 6 इंच घेते, भरून झालं की मगच माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, सोडून कापा. पाव इंच माया सोडली तरी लांब टोकाला ती अर्धा इंच पुढे जाते हे लक्षात ठेवा, नाहीतर टोकं तुटकी येतात.

हूपात फक्त बकरम (भरतकामाखाली लावायचं आधाराचं कापड) कसा, कापड आणि फोम (गोधडीच्या आतला मऊ थर) वरून ठेवून कच्च्या टाक्याने धरा. कापड ढोलकीसारखं ताणून बसवलं की हूपातून काढल्यावर चुण्या पडतातच. बकरम नंतर कात्रीने कापून काढायचा असतो तो पातळ वापरा, हाताने फाडून काढायचा नको, फाडताना तिरक्या कडा खेचल्या जातात.

मायेतला फोम टाक्यांच्या अगदी जवळून कापून टाका, सहा टोकं एकत्र येतात तिथे नाहीतर गाठोडं होतं आणि सुई मोडते. हा कंटाळा सगळेच करतात.

मेनरोडवरून आणा नाहीतर मालेगावचं घ्या, सुती कापड आधी पाण्यातून काढाच, अस्तरसुद्धा.

इस्त्री ठेवून उचला, फिरवू नका.

मधल्या शिवणी सगळ्या एकाच दिशेला, घड्याळाच्या काट्यासारख्या वळवा, आणि चांदणी जोडताना तीन-तीनच्या दोन अर्ध्या करून मग मधली लांब शिवण एकदाच मारा. त्याआधी मधल्या बिंदूवर टाचणी आरपार घालून दोन्हीकडची टोकं जुळली का बघा, जुळली नाहीत तर तिथेच उसवा.