तिकीट काढतानाच विमान चुकतं: विमानप्रवासातल्या या चुका टाळा

काउंटरसमोर रडवेला झालेला प्रवासी मी इतक्या वेळा पाहिलाय की आता त्याची गोष्ट न विचारताही कळते. गोंधळ त्या दिवशी झालेला असतो, पण चूक बहुतेक वेळा महिनाभर आधी, घरी बसून तिकीट काढताना झालेली असते. एअरलाइनला बोल लावावा असं पुष्कळ घडतं, तरी आपल्या हातात आहे ते आधी नीट करून घ्यावं, म्हणून हे लिहितोय.

स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असेल, तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं की तुम्हाला मुक्कामी पोहोचवण्याची जबाबदारी एअरलाइनची. दोन वेगळी तिकिटं असतील, तर ती जबाबदारी कुणाचीच नाही. मधल्या विमानतळावर तुम्हाला बहुधा इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं (त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो), बेल्टवरून बॅग घ्यावी लागते आणि पुन्हा नव्याने चेक-इन करावं लागतं.

माझ्याच बाबतीत हे घडलंय. दोन विमानांच्या मधे अडीच तास ठेवले होते, भरपूर झाले असं वाटलं. पहिलं विमान ५० मिनिटं उशिरा उतरलं. मग इमिग्रेशनची रांग, बॅगेची वाट, दुसऱ्या टर्मिनलची बस. धापा टाकत काउंटरवर पोहोचलो तेव्हा विमान सुटायला ५८ मिनिटं होती आणि चेक-इन ६० मिनिटं आधी बंद होतं. दोन मिनिटं! काउंटरवरच्या बाईंनी मनापासून क्षमा मागितली, पण यंत्रणा आता नाव घेतच नव्हती. दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी मी वेळेवर न आलेला प्रवासी होतो, इतकंच. नवं तिकीट पदरचे पैसे घालून काढलं आणि आधी वाचवलेल्यापेक्षा किती तरी जास्त गेले.

तेव्हापासून वेगळी तिकिटं काढावीच लागली तर मी मधे किमान पाच तास सोडतो. दिवसातलं शेवटचं विमान असेल तर आदल्या रात्रीच तिथे मुक्काम करतो. आणि तिकीट एकच असलं तरी बॅग दिल्यावर तिला लावलेल्या टॅगवरचा तीन अक्षरी कोड तिथेच वाचतो. तो शेवटच्या विमानतळाचा नसेल, तर बॅग मधेच उतरणार.

कोड आणि तारीख न वाचणं

शहर एक, विमानतळ अनेक. लंडनचे हीथ्रो आणि गॅटविक, पॅरिसचे शार्ल द गोल आणि ऑर्ली, टोकियोचे हानेडा आणि नारिता. हानेडा शहराला लागून आहे, नारिता साठेक किलोमीटर लांब. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं तिकीट बिनदिक्कत विकलं जातं, म्हणून कोड जुळतो का ते बघा. नावावर तर अजिबात विसंबू नका. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेली माणसं कॅनडातल्या सिडनीत उतरल्याचे प्रकार खरोखर घडलेत.

मध्यरात्रीची विमानं हा दुसरा सापळा. शनिवारी ००:२० ला सुटणाऱ्या विमानासाठी शुक्रवारी रात्रीच विमानतळावर असावं लागतं. शनिवारी रात्री बॅगा घेऊन आलेलं कुटुंब मी पाहिलंय. मुलं झोपेला आलेली, आणि आईवडील एकमेकांना काय सांगावं या विचारात.

जाण्या-येण्याचं तिकीट असताना पहिला टप्पा सोडून देणं हेही टाळा. पहिल्या विमानात बसला नाहीत की पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, साधारणपणे आपोआप रद्द होतात. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने शिल्लक आहे ना, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्यासारखंच आहे ना, हे पैसे भरण्याआधी तपासा.

बॅग आली नाही आणि तसेच बाहेर पडलात

बेल्ट थांबतो, आजूबाजूची माणसं पांगतात आणि तुमची बॅग आलेली नसते. अशा वेळी दमलेला माणूस म्हणतो, उद्या फोन करू. नका करू तसं. त्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी बॅगेज काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. बोर्डिंग पासला चिकटवलेल्या टॅगच्या तुकड्यावर दहा आकडी नंबर असतो, बॅग त्यावरूनच शोधतात. तो तुकडा घरी पोहोचेपर्यंत टाकू नका.

आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक देशांना १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू आहे. बॅग फुटली-फाटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. २१ दिवसांत बॅग आलीच नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्यामुळे दागिने, कॅमेरा, औषधं, कागदपत्रं खालच्या बॅगेत घालूच नयेत.

बॅगेवर राहिलेले जुने टॅग आणि कडेचे छोटे बारकोड निघण्याआधी खरवडून काढा. यंत्राने जुना कोड वाचला तर बॅग वाट चुकू शकते.

पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॉट-अवरची. क्षमता एमएएचमध्ये दिली असेल तर व्होल्टने गुणून हजाराने भागायचं: २०,००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४. गेटवर ऐनवेळी हातातली बॅग खाली पाठवायला घेतली तर आधी पॉवर बँक आणि औषधं काढून घ्या. घाईत हे नेमकं राहून जातं.

सर्दी असताना उतरतेवेळी झोपून राहणं

उडताना कानाला फारसं होत नाही, दुखतं ते उतरताना. उतरण्याच्या अर्धा तास आधी जागं व्हा, आवंढा गिळत राहा, लहान मुलांना काहीतरी चोखायला द्या. झोपेत आपण कमी गिळतो आणि दाब साठत जातो.

विमान रद्द झाल्यावर फक्त रांगेत उभं राहणं

दिवसातलं पहिलं विमान शक्यतो वेळेवर सुटतं, कारण आधीच्या फेऱ्यांचा उशीर त्याच्या वाट्याला आलेला नसतो. महत्त्वाचं काम असेल तर तेच घ्यावं.

तरीही विमान रद्द झालं, तर रांगेत उभं राहा आणि त्याच वेळी हेल्पलाइनला फोन लावा, ॲपही उघडा. जे आधी लागेल ते आपलं. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघत असाल, तर २६१ क्रमांकाचा नियम लक्षात ठेवा: ठिकाणी पोहोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो मिळू शकतात. खराब हवामानासारखं एअरलाइनच्या हाताबाहेरचं कारण असेल तर नाही. म्हणून कारण काय, ते तिथल्या तिथे लेखी मागून घ्या. पुढे हाच कागद उपयोगी पडतो.

आणि काउंटरवर रिकाम्या डोक्याने जाऊ नका. एका रात्री माझ्यापुढे साठेक माणसं होती. रांगेत उभ्या-उभ्याच मी त्याच एअरलाइनची पर्यायी विमानं शोधली आणि दोन क्रमांक बोर्डिंग पासच्या मागे लिहून ठेवले. माझा नंबर आला तेव्हा समोरचा मुलगा सकाळपासून शिव्या खाऊन थकलेला होता. त्याला आधी पाणी प्यायला वेळ दिला आणि तो कागद पुढे सरकवला. पहिलं भरलेलं होतं. दुसऱ्यात शेवटच्या रांगेतली मधली सीट मिळाली.