लॅबचे सगळे पीसी नेटवर्कवरून पुन्हा कसे उभे करावेत

पेनड्राइव्ह घेऊन एकेका पीसीवर विंडोज टाकत फिरणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ठाण्या-वाशीतल्या क्लासची लॅब दोन बॅचच्या मधल्या वेळातच मोकळी मिळते. तेवढ्यात काम उरकायचं तर इमेज (तयार पीसीच्या डिस्कची हुबेहूब प्रत) नेटवर्कवरूनच टाकायला हवी. त्यासाठी मी फॉग (FOG) हे सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, लिनक्सवर चालतं, आणि इन्स्टॉल करताना विचारेल त्याची उत्तरं देत गेलं की झालं.

ज्याची इमेज घ्यायची त्या मास्टर पीसीवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) आणि फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होऊ देणारी सोय) बंद करा. सिसप्रेप या विंडोजच्याच टूलमध्ये ‘जनरलाइज’ (त्या पीसीची खास ओळख पुसणं) निवडून शटडाउन करा. इमेज घेईपर्यंत त्यावर पुन्हा विंडोज सुरू करायचं नाही.

माशी शिंकते ती पीएक्सई बूटला, म्हणजे पीसी डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू करण्याला. ‘बायोसमध्ये नेटवर्क बूट चालू करा’ एवढंच सांगणाऱ्याला विचारा, लॅबमध्ये आयपी (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता) कोण देतंय? बहुतेक ठिकाणी ब्रॉडबँडवाल्याने लावलेला राउटर. पीसीला आयपीसोबत फॉग सर्व्हरचा पत्ता (डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सेवेतला ऑप्शन 66) आणि बूट फाइलचं नाव (67) लागतं, आणि असल्या राउटरमध्ये ते भरायला सहसा जागाच नसते. मग लोक फॉगवर दुसरा डीएचसीपी चालू करतात. हे अजिबात करू नका. दोघंही आयपी वाटू लागले की रिसेप्शनच्या प्रिंटरपर्यंत सगळं बिघडतं आणि शिव्या तुम्हाला पडतात. फॉगच्याच मशीनवर डीएनएसमास्क (dnsmasq) हा छोटा प्रोग्राम प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून लावा. आयपी राउटर देईल, उरलेलं हा सांगेल.

तरी अडलं तर स्क्रीनवरचा कोड वाचा, उगाच केबल काढघाल करू नका. जुन्या बायोसवर ई53 म्हणजे आयपी मिळाला, फाइलचं नाव नाही. ई32 म्हणजे टीएफटीपी (बूट फाइल पाठवणारी सेवा) उत्तर देत नाही. फायरवॉलमध्ये यूडीपी 69 बघा. ई51 म्हणजे आयपी द्यायलाच कुणी आलं नाही. राउटर ठीक असूनही ई51 येत असेल, तर संशय स्विचवर. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी सोय) चालू असलेला मॅनेज्ड स्विच पोर्ट उघडायला साधारण 30 सेकंद घेतो, पीसी त्याआधीच नाद सोडतो. पोर्टफास्ट (पोर्ट लगेच उघडणारी स्विचची सेटिंग) लावा, नाहीतर मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा साधा स्विच टाका.

बूट फाइल निवडताना यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) मशीनला ‘.ईएफआय’ फाइल, जुन्या बायोसवाल्याला ‘.केपीएक्सई’. सिक्युअर बूट (सही नसलेली बूट फाइल अडवणारी सोय) बंद.

पीसी नेटवर्कवरून सुरू होऊ लागले की मास्टरची इमेज घ्या, मग फॉगमध्ये बाकीच्या पीसींचा ग्रुप करून मल्टिकास्ट (एकच इमेज सगळ्यांना एकदम पाठवणं) लावा. त्यात एखादा पीसी खराब केबलमुळे 100 एमबीपीएसवर अडकला, तर सगळी लॅब त्याच्याच चालीने रखडते. त्याला ग्रुपमधून काढा, इमेज मागाहून एकट्याला टाका.