पोहणं सुटल्यावर पुन्हा शर्यतीत उतरायचं असेल तर

खांद्याच्या दुखण्याने मी शर्यती सोडल्या, काही वर्षांनी पुन्हा उतरले, आणि आता टँकवर मुलांना शिकवते. परत येणारे पोहणारे हमखास विचारतात, रोज किती मीटर मारू? मीटर सध्या बाजूला ठेवा. दम काही आठवड्यांत परत येतो. खांद्याचे स्नायुबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. दम आलाय म्हणून अंतर वाढवलं की खांदा पुन्हा धरतो.

सुरुवात स्कलिंगने करा. पोटावर तरंगत हात पुढे, कोपरं किंचित वाकलेली, तळवे आत-बाहेर. तळव्यावर पाण्याचा दाब लागला पाहिजे; लागत नसेल तर हात सावकाश फिरवा. मग एक लॅप मूठ मिटून फ्रीस्टाइल. हात नुसता घसरतो, चिडचिड होते, पण मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग पाणी धरायला लागतो. पुढच्या लॅपला मूठ उघडा, फरक लगेच कळेल.

एका लॅपला किती हात (स्ट्रोक) लागतात ते मोजा. हात वाढत नाहीत तोवरच वेग वाढवायचा. पॅडल, म्हणजे तळव्यांना बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, बॅगेतच राहू द्या. पाण्याबाहेर कोपर कमरेला टेकवून इलास्टिक बँड बाहेर ओढायचा व्यायाम रोज करा. थकवा चालेल, खांद्यात पुढच्या बाजूला टोचलं की त्या दिवसापुरतं थांबा. टोचणं राहिलंच तर फिजिओला दाखवा.

वयाची धास्ती असेल तर अमेरिकेचा जलतरणपटू अँथनी अर्विनकडे बघा. 2000 साली सिडनीत 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, ऐन विशीत निवृत्ती, मधल्या काळात न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांना पोहायला शिकवणं, आणि 2016 साली रिओत 35व्या वर्षी त्याच शर्यतीत पुन्हा सुवर्ण, 21.40 सेकंदांत. मधली ती शिकवणी मला फार मोलाची वाटते. मुलांना दाखवायचं म्हणजे स्वतःचा हात सावकाश आणि नेमका चालवावा लागतो.

शिकवायला लागलात की आधी श्वास. नव्या मुलाचं पाय मारणं वाईट दिसतं म्हणून कोच तिथेच अडकतात, पण खरा घोळ तोंड पाण्यात असताना श्वास धरून ठेवण्यात असतो. पाण्यात बुडबुडे सोडायचे, तोंड बाहेर आलं की फक्त श्वास आत घ्यायचा, एवढंच काठ धरून करून घ्या. ते जमलं की मान सैल पडते आणि पाय आपोआप वर येतात.

मुलांना एकमेकांच्या वेळा सांगू नका, प्रत्येकाला आपले हात मोजू द्या. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो ही पैज मात्र दिसताक्षणी थांबवा. आधी भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची ओढ उशिरा लागते, आणि मूल आवाज न करता बेशुद्ध होऊ शकतं. माझ्या बॅचमध्ये अशी पैज लावली की सगळी बॅच पाण्याबाहेर येते.