लहान लेकरांच्या आयांचा गट मंडळीत कसा चालवावा

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, लहान मुलांच्या आयांसाठी वेगळा गट काढायचा म्हटलं की पहिला सल्ला हमखास येतो: "महिला मंडळ आहे की, त्यातच येऊ द्या त्यांना." हा सल्ला मानू नका. महिला मंडळाच्या सभेत सासू असते, आतेसासू असते, शाळेत शिकवलेल्या बाई असतात. तिथं पंचविशीतली आई बाळाला मांडीवर घेऊन मागं दाराजवळ बसते, बाळ रडलं की बाहेर जाते आणि तिसऱ्या सभेला येतच नाही. दुसरा सल्ला चांगला वक्ता बोलावण्याचा. तोही नको. या बायकांना कुणीतरी ऐकून घेणारं हवं असतं.

आयांचे संघ चर्चला नवे नाहीत. मेरी समनर यांनी इंग्लंडमधल्या आपल्या पॅरिशमध्ये १८७६ साली मदर्स युनियन सुरू केली. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या व्हीट रिजमध्ये १९७३ साली काही आया एकत्र आल्या आणि त्यातून 'मॉप्स' ही लहान मुलांच्या आयांची संघटना उभी राहिली. पण भाषण, हस्तकला, मुलांसाठी शेजारच्या खोलीत वेगळा कार्यक्रम हा तिकडचा आराखडा इथं जसाच्या तसा उतरवू नका. आपल्याकडच्या आईला घरातून सव्वा तास मोकळा मिळतो, तोही मुश्किलीनं. पुढचं सगळं त्या सव्वा तासाच्या हिशेबानं सांगितलं आहे, आणि ते अहिल्यानगर, सोलापूर, जालना, पुणे या बाजूच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवून. वसईच्या कॅथलिक पॅरिशमध्ये परवानगी फादरांकडून घ्यायची, बाकी कामात फरक नाही.

परवानगी आणि यादी

पाळकांशी (पास्टरांशी) आधी तोंडी बोला, मग मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीला अर्ध्या पानाचा अर्ज द्या: वार, वेळ, खोली, जबाबदार दोघींची नावं. अर्पण गोळा करणार नाही, हेही त्यात लिहा. पैशाचा हिशेबच नसला की निम्मे वाद उठत नाहीत.

यादी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरवरून करा, गेल्या पाच वर्षांची. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बाळाचा आणि मोठेपणीचा असे दोन्ही बाप्तिस्मे चालतात, त्यामुळे ज्यांनी बाप्तिस्मा न देता बाळाचं नुसतं समर्पण, म्हणजे देवाला अर्पण करण्याची प्रार्थना, केलं त्यांची नावं रजिस्टरात सापडणार नाहीत. ती पाळकांना विचारून घ्या. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी तर कुठल्याच यादीत नसतात. दोन-तीन महिने गावात असतात, रात्र रात्र जाग्या असतात, आणि मंडळी त्यांना पाहुणी समजते. त्यांना आधी गाठा. मग ज्यांनी चर्चला येणं सोडलं आहे त्या, ज्यांचा नवरा दुसऱ्या धर्माचा आहे त्या, एकटीनं मूल वाढवणाऱ्या.

बोलावणं घरी जाऊन, तोंडी. रविवारच्या सूचनांमध्ये वाचून दाखवलं तर कुणी येत नाही.

जागा, वेळ, मुलं

सहा ते आठ आया पुरे. दहाच्या वर गेल्या की दोन गट करा. पंधरा दिवसांतून एकदा, शाळेच्या दिवशी, सकाळी ११ ते १२.१५. रविवारी उपासनेनंतर ठेवू नका. तेव्हा नवरा गाडीपाशी उभा असतो आणि घरी स्वयंपाक व्हायचा असतो.

सभा कुणाच्याही घरी घेऊ नका. पाळीपाळीनं घरोघरी घेतली की दुसऱ्याच महिन्यात फराळाची चढाओढ लागते, आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई असताना कुणी तोंड उघडत नाही. रविवार शाळेची तळमजल्यावरची खोली सगळ्यात बरी. सतरंजी, पंखा, जवळ मोरी आणि पाजायला आडोसा. फाटकाला कडी आहे ना, पाण्याच्या हौदावर झाकण आहे ना, हे मुलं यायच्या आधी स्वतः हात लावून पाहा.

दीड वर्षाखालची बाळं आईजवळच राहू द्या. त्यावरच्यांसाठी त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला किंवा उघड्या दाराच्या व्हरांड्यात सोय करा: तीन मुलांमागं एक मोठं माणूस, आणि कितीही थोडी मुलं असली तरी सांभाळणारी माणसं दोनच्या खाली नकोत. एकटं माणूस मुलांजवळ कधीच ठेवायचं नाही, मग ते कितीही विश्वासातलं असो. निवृत्त शिक्षिका किंवा तरुण संघातल्या मुली हे काम छान करतात. खाऊला केळी आणि बिस्किटं. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत, घशात अडकतात. चहाचा थर्मास मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच.

पहिली पंधरा मिनिटं चहा आणि स्थिरस्थावर होणं, मग एक गीत, मग दहा मिनिटं बायबलमधलं वचन. लहान उतारा घ्या. १३१ वं स्तोत्र तीनच ओव्यांचं आहे आणि त्यात आईच्या कुशीत शांत झालेलं, अंगावरचं दूध तुटलेलं मूल आहे. त्यावर प्रवचन लागत नाही.

बोलण्याची फेरी

वचनानंतर एकेकीनं आपल्या मनातलं सांगायचं, ती ही फेरी. गट इथंच टिकतो किंवा इथंच मोडतो, म्हणून या ३५ मिनिटांसाठी सगळ्यात जास्त तयारी करा.

फेरी किती खोल जाणार हे पहिली बोलणारी ठरवते. तिनं "प्रभूच्या कृपेनं सगळं छान आहे" म्हटलं की पुढच्या सातजणी तेच म्हणतात, आणि सभा संपते तेव्हा आठही जणी आपापलं ओझं तसंच उचलून घरी जातात. म्हणून सुरुवात गट चालवणारीनं करायची आणि आदल्या रात्री एक खरं वाक्य ठरवून ठेवायचं. "काल मी थोरलीवर हात उचलला आणि नंतर बाथरूममध्ये रडत बसले." एवढंच. पुढं "पण मग प्रभूनं मला शांती दिली" असं जोडायचं नाही. आपल्याला साक्ष, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते, सांगायची सवय असते आणि साक्षीचा शेवट गोड असावा लागतो. इथं शेवट नसलेली गोष्टच सांगायची आहे.

प्रत्येकीला चार मिनिटं. तिचं झालं की कुणी काही बोलायचं नाही. दोन श्वास थांबा, चालवणारीनं "ऐकलं, ताई" म्हणावं आणि पुढचीकडं वळावं. ही शांतता पहिल्या दोन सभांत अवघड जाते, कुणीतरी ती भरायला धावतंच. तीन गोष्टींना सक्त मनाई ठेवा: सल्ला, वचन आणि "आमच्या वेळी". "सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात" हे वचन खरंच आहे. पण तीन महिने न झोपलेल्या बाईच्या कानाला ते "गप्प बस" असं लागतं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना मंदिरात ओठ हलवत रडते आणि याजक एली तिला दारू प्यालेली समजतो. तिला नीट न पाहता त्यानं आधी बोलायला तोंड उघडलं. ही चूक मंडळीत रोज होते.

कुणी रडू लागली तर गीत सुरू करू नका. आपल्या सभांमध्ये बाईच्या डोळ्यांत पाणी आलं की मागून कुणीतरी हळूच कडवं धरतं, टाळ्या सुरू होतात, आणि तिला डोळे पुसून त्यात सूर मिळवावा लागतो. मनात प्रेमच असतं, पण तिचं रडणं अर्ध्यात तुटतं. पाण्याचा पेला पुढं ठेवा, मांडीवरचं बाळ घेऊ का असं विचारा आणि बसून राहा.

यानंतर प्रार्थना, आणि सगळ्यात मोठा धोका इथं आहे. आपल्याकडं बातमी फुटते ती बहुधा प्रार्थनेतून. "हे प्रभू, आमच्या या बहिणीच्या नवऱ्याचं व्यसन सोडव" असं मोठ्यानं म्हटलं की तिनं न सांगितलेलंही सगळ्यांना कळतं. पुढं तीच विनंती बुधवारच्या प्रार्थनासभेत जाते, तिथून सासूच्या कानावर, आणि त्या संध्याकाळी त्या घरात काय होतं ते तिलाच सोसावं लागतं. त्यानंतर ती येत नाही आणि का येत नाही हे कुणाला सांगतही नाही. यावर उपाय एकच: तिला विचारा, "कशासाठी प्रार्थना करू?" आणि तिनं दिलेलेच शब्द वापरा, एका वाक्यात. तिनं "झोप मिळू दे" म्हटलं तर झोपेसाठीच प्रार्थना करा.

नियम प्रत्येक सभेत मोठ्यानं म्हणा, एकदा सांगून भागत नाही: इथलं इथंच राहील. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही, दुसऱ्या प्रार्थनागटाला तर नाहीच. चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत "आता बरं आहे ना?" असं तिला विचारणं हाही नियमभंगच. एक अपवाद असतो आणि तो पहिल्याच दिवशी सांगून टाकायचा: आईच्या किंवा मुलाच्या जिवाला धोका असेल तर आम्ही गप्प बसणार नाही, आणि जे करू ते तुला सांगून करू.

एका घरातल्या जावा किंवा नणंद-भावजय गटात असतील तर फेरी गोलात नको. दोघी-दोघींच्या जोड्या करा आणि त्यांना वेगळ्या जोड्यांत बसवा. पाळकबाईंनी, म्हणजे पाळकांच्या पत्नीनं, गट चालवावा असं सगळे गृहीत धरतात; माझं मत ठाम विरुद्ध आहे. त्यांच्यासमोर बायका जपून बोलतात. आणि त्यांची स्वतःची मुलं लहान असतील तर मंडळीत सगळ्यात एकटी आई बहुधा त्याच असतात. त्यांना फेरीत बसू द्या.

एवढं करूनही गोष्ट बाहेर गेलीच, तर आधी तिच्या घरी जा. तिला इतरांकडून कळायच्या आत स्वतः सांगा आणि माफी मागा. जिच्याकडून फुटली तिच्याशी एकटीशी बोला. पुढच्या दोन सभांत तिनं चहा आणि मुलांकडं बघावं, फेरीत बसू नये. नावं न घेता सगळ्यांसमोर नियम पुन्हा म्हणा. "जाऊ द्या, क्षमा करा" म्हणून झाकलंत तर गट आतून संपतो.

प्रार्थनेसोबत डॉक्टर केव्हा

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढं टिकलं, बाळ झोपलं तरी आईला झोप येईना, बाळाविषयी काहीच वाटेना, "मी नसले तर बाळाचं बरं होईल" असं बोलू लागली, तर तो आजार आहे. त्याला विश्वासाची उणीव म्हणू नका, सैतानाचा हल्ला म्हणू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी प्रार्थनेच्या जोरावर बंद करायला तर मुळीच सांगू नका. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्यानं झुडपाखाली बसून मरण मागितलं तेव्हा देवदूतानं त्याला निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा जेवू घातलं. देव त्याच्याशी बोलला तो होरेब डोंगर त्यानंतर.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोन ती तुमच्याजवळ बसलेली असतानाच लावून द्या. घरात मारहाण असेल तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. आणि बाळंतीण रात्र रात्र जागी राहून असंबद्ध बोलत असेल, आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर त्याला दर्शन किंवा बाधा ठरवण्यात एक तासही घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर तिला किंवा बाळाला एकटं ठेवायचं नाही.

सभांच्या मधल्या दिवसांत

सव्वा महिना घराबाहेर न पडणाऱ्या बाळंतिणीकडं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोघींनी जावं. वीस मिनिटं, हात धुऊन, बाळाचा मुका न घेता. रंग, दूध पुरतं का, सिझर का झालं, मुलगी का मुलगा यावर एक शब्द नको. डिंकाचे लाडू त्या घरात आधीच भरपूर असतात; घरच्यांसाठी भाजी-भाकरीचा डबा न्या, किंवा थोरल्या मुलाला तासभर बाहेर खेळवून आणा म्हणजे ती झोपेल.

व्हॉट्सॲप गट फक्त वार आणि वेळ कळवण्यापुरता ठेवा, संदेश पाठवायची मुभा दोघींनाच. प्रार्थनाविनंती त्यावर कधीच नको, नाव न घालताही नको. लहान मंडळीत नाव घालावं लागत नाही.

मूल पहिलीत गेलं की आईनं गटातून उठायचं आणि व्हरांड्यातल्या सांभाळणाऱ्यांत यायचं. डिसेंबरात सभा घेऊ नका; नाताळच्या करंज्या, नाटुकलीची तालीम आणि कॅरलच्या फेऱ्यांत कुणालाच वेळ नसतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या सभेतच सांगून ठेवा, आणि त्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकीला एक फोन करा.