शुगर आहे, पायाला रक्त कमी पोचतं, मग स्ट्रिप-इन्सुलिन-चप्पलचे पैसे इन्शुरन्समधून कसे काढायचे

आधी वाईट बातमी सांगते. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप, पेनच्या सुया, घरी घ्यायचं इन्सुलिन, हे साध्या मेडिक्लेममध्ये मिळत नाही, कारण ती पॉलिसी अ‍ॅडमिट होण्यासाठी असते. डायबेटिक चप्पल तर पॉलिसीला जोडलेल्या, न देण्याच्या खर्चांच्या यादीत चक्क नावानिशी आहे, सोबत वॉकर, क्रेप बँडेज आणि शुगर फ्री गोळ्या. कन्झ्युमेबल्सचा (वापरून टाकायच्या वस्तूंचा) अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेलं कव्हर, असेल तर यातलं काही मिळतं, पण पॉलिसीचं वर्डिंग वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो, अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, सगळं मीच बघते. पंधरा वर्षांची शुगर, चालताना पोटरी दुखायची आणि थांबले की बरं वाटायचं, आम्ही म्हणायचो वय झालं, वर श्रावणात त्र्यंबकच्या फेरीला अनवाणी जायचा हट्ट. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना तेव्हा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, केलं आणि कळलं की रक्त खालपर्यंत नीट जातच नाहीये.

आता कामाचं. खरा खेळ डॉक्टरांच्या कागदाचा आहे. नुसतं "डीएम" (डायबेटिस) लिहून देतात, तेवढ्यावर क्लेमवाल्याला शुगर आणि पाय यांचा संबंध दिसत नाही. डिस्चार्ज समरीत टाइप 2 डायबेटिस, त्यामुळे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद, अल्सर, असं पूर्ण लिहून घ्या, आजाराचा कोड ई11.5 च्या गटातला असतो. डॉप्लरचा रिपोर्ट आणि एबीआय जोडा. एबीआय म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं, 0.9 च्या खाली आलं की अडथळा समजतात. पण शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक होतात आणि आकडा फुगतो, म्हणून 1.4 च्या वर आला तर खूश होऊ नका, पायाच्या बोटाचं प्रेशर बघायचं का ते डॉक्टरांना विचारा.

अ‍ॅडमिट असताना बिलात ग्लुकोमीटर-स्ट्रिप वेगळी ओळ म्हणून दिसली तर कापली जाते, कारण नियमाने ती ट्रीटमेंटच्या खर्चातच धरायची असते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) काउंटरला बिल दाखवून हे विचारा, नंतर कोण ऐकतंय.

आणि जे बहुतेक लोक सोडून देतात ते म्हणजे डिस्चार्जनंतरचे दिवस. बऱ्याच पॉलिसीत अ‍ॅडमिट होण्याआधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस कव्हर असतात, काहींत 60 आणि 90. त्याच आजाराची औषधं, ड्रेसिंग, तपासण्या यात बसतात, इन्सुलिन पण, जर समरीत त्या आजारासाठीच लिहिलं असेल तर. आमचं इथंच फसलं, ड्रेसिंगची बिलं होती पण मेडिकलवाल्याने साध्या चिठ्ठीवर दिलेली, पेशंटचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही, कंपनीने सरळ नाही म्हटलं. तेव्हा प्रत्येक बिल छापील, नाव आणि बॅच नंबरसह, आणि त्याच्यामागे त्याच तारखेच्या आसपासचं प्रिस्क्रिप्शन.

नवीन पॉलिसी घेत असाल तर शुगर लपवू नका. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने झालाय, आणि पॉलिसी सलग 60 महिने चालली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. पोर्ट केलं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली, तर जुनी वर्षं मोजली जातात. रोजच्या स्ट्रिपसाठी ओपीडी कव्हरवाली पॉलिसी बघा, पण वर्षाचा प्रीमियम आणि ओपीडीची लिमिट शेजारी मांडून हिशोब करा, कधीकधी आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात.

घरात कोणी सातपूर-अंबडच्या कंपनीत आहे आणि महिन्याचा पगार 21,000 पर्यंत आहे? मग ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) असणार, तिथे ओपीडीतून औषधं मिळतात, अवलंबून असलेल्या आई-वडिलांना पण, सातपूरच्या हॉस्पिटलला चौकशी करा. पायाची अँजिओप्लास्टी वगैरे लागली तर महात्मा फुले योजना किंवा 70 वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड, 5 लाखांपर्यंत, पण तेही हॉस्पिटलपुरतंच, स्ट्रिपसाठी नाही.

वडील 60 च्या वर, मेडिक्लेम कुठलाच नाही आणि टॅक्स जुन्या रेजिमने भरता? मग त्यांच्या औषधपाण्याचे 50,000 पर्यंत वजावटीत येतात, फक्त पैसे रोख द्यायचे नाहीत. मी तेव्हापासून मेडिकलमध्ये दहा रुपयांची सुई पण यूपीआयने घेते.

क्लेम नाकारला तर नकाराचं कारण लेखी मागा, मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, तिथे महिनाभरात काही झालं नाही तर विमा लोकपाल, नाशिकसाठी पुण्याचं ऑफिस, फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जायचं. आमचं तिथपर्यंत गेलंच नाही. डॉक्टरांनी एक दिवसाआड ड्रेसिंग सांगितल्याचं पत्र दिलं, ते जोडून मेल केला आणि ड्रेसिंगचे पैसे आले, चप्पलचे अर्थातच नाही.