गोल्डफ्लेम स्पायरिया: रंग हवाय ना, मग ऊन द्या आणि कात्री चालवा

फुलांपेक्षा पानांच्या रंगासाठी छोटंसं झुडूप लावायचं असेल तर मी आधी गोल्डफ्लेम स्पायरियाच सांगते, कारण दोन ते तीन फुटांत आटोपतं आणि वसंतात कोवळी पानं तांबूस-केशरी निघतात, मग पिवळी, उन्हाळ्यात पोपटी, वर गुलाबी फुलांचे झुपके आणि गळायच्या आधी परत तांबूस. फक्त एक, हिवाळ्यात नीट थंडी पडत नसेल तर या नादाला लागू नका.

ऊन दिवसाला सहा तास तरी पाहिजे. सावलीत झाड मरत नाही, पण रंग फिका पडतो, मग साधं हिरवं झुडूपच लावायचं होतं की! माती कसलीही चालते, पाणी साचायला नको. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, खोली मात्र मुळांच्या गोळ्याएवढीच. मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर बोटांनी मोकळी करा. पहिलं वर्ष पाण्याकडे लक्ष ठेवा, बोट दोन इंच मातीत घालायचं, कोरडं लागलं की भरपूर द्यायचं. नंतर फार लाड नकोत, जास्त नायट्रोजन दिलं की नुसतं लांबडं माजतं.

आता छाटणी, इथेच सगळे कच खातात. हिवाळा संपत आला आणि डोळे अजून फुटले नाहीत तेव्हा सगळं झुडूप सरळ वीतभर ठेवून कापा. बघवत नाही पहिल्यांदा, खुंटच दिसतात नुसते, पण फुलं त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यांवर येतात त्यामुळे काही जात नाही, उलट जोमाने फुटतं आणि कोवळ्या पानांचाच तर रंग भारी असतो. (वसंतात पांढरी फुलं येणाऱ्या स्पायरियांना हे करू नका हां, त्यांची फुलं जुन्या लाकडावर, त्यांना फुलं संपल्यावर कापायचं.)

मधूनच एखादी फांदी पूर्ण हिरव्या पानांची निघते. छान वाढतेय म्हणून ठेवू नका, तिच्यात हरितद्रव्य जास्त असल्याने ती बाकीच्यांना मागे टाकते आणि दोन-तीन वर्षांत झुडूपच हिरवं होऊन बसतं. दिसली की बुडातून काढा, अर्धवट कापलीत तर तिथूनच परत हिरवे फुटवे येतात.