फिशआयच्या गोलात स्वतःची बोटं येऊ नयेत म्हणून

गोल फिशआय, म्हणजे गोलाकार चित्र देणारी अतिरुंद लेन्स, १८० अंश पाहते, त्यामुळे फोटोच्या कडेला हमखास आपलीच बोटं, बुटांची टोकं नाहीतर ट्रायपॉडचा पाय डोकावतो.

लेन्स घेण्याआधी कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) बघा. फुल फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर, ८ मिमीची लेन्स पूर्ण गोल देते, पण तीच एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावली की गोल वर-खाली कापला जातो. तिथे साधारण ४.५ मिमी लागते. पैसे इथेच वाया जातात.

वापरताना:

१. डावा हात लेन्सखाली नको, कॅमेऱ्याच्या बॉडीखाली धरा. बोटं काचेच्या मागेच राहू द्या.
२. ८ मिमीला छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ठेवून फोकस ३० सेंमीवर लावा. वीतभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं, पुन्हा फोकसला हात लावावा लागत नाही.
३. एक्स्पोजर मॅन्युअल, म्हणजे प्रकाशाची मात्रा स्वतः ठरवा. गोलाभोवतीचा काळा भाग कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतो आणि आकाश पांढरं पडतं.
४. विषयाच्या अगदी जवळ जा, अजून जवळ. दोन पावलं मागे राहिलात तर तो ठिपक्याएवढा दिसतो.

मात्र पुढची काच फुगीर असते आणि तिच्यावर फिल्टर बसत नाही. जवळ जाताना ती कशावर आपटणार नाही, याकडे लक्ष ठेवा. व्ह्यूफाइंडरमध्ये अंतर खूप जास्त भासतं.